गुरुजी, मूल आणि मधला बांध

भाताच्या खाचराला बांध असतो. ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला हे सांगायला नको. मुरबाड असो, शहापूर असो, नाहीतर कल्याणच्या आजूबाजूची गावे असोत, बांध धड असला तर पाणी खाचरात राहते आणि रोप जीव धरते. बांध फुटला तर आपले पाणी जाते आणि खालच्या शेजाऱ्याचे रोपही वाहून जाते. पण बांध घातला म्हणून शेजाऱ्याशी वैर झाले, असे कुणी म्हणत नाही.

शाळेतही असाच एक बांध असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. बांधाच्या एका अंगाला मूल. दुसऱ्या अंगाला शाळेत पगार घेऊन काम करणारी मोठी माणसे. दोघांत माया असावी, विश्वास असावा. पण मध्ये मर्यादाही असावी. कुठवर जायचे आणि कुठे थांबायचे, हे मोठ्या माणसाने ओळखायचे. मुलाने नव्हे. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. मर्यादा सांभाळण्याचे काम मोठ्या माणसाचे आहे. पुढचे सगळे याच गोष्टीवर उभे आहे.

शाळा म्हटली की आपल्याला गुरुजी आणि बाई आठवतात. पण शाळेत आणखी किती माणसे राबतात, ती मोजा पाहू. शिपाई आहे. झाडलोट करणारा आहे. खिचडी शिजवणाऱ्या ताई आहेत. कचेरीत कारकून आहे. फाटकावर पहारेकरी आहे. शहराकडे मुलांना नेणारी बस किंवा रिक्षा असते, तिचा चालक असतो. आश्रमशाळेत अधीक्षक असतात. यातला कुणी सरकारी नोकर, कुणी संस्थेचा, तर कुणी ठेकेदाराने पाठवलेला. मुलाला हा फरक कळत नाही. त्याला सगळे काका, दादा, मावशी. ज्याला शाळेने आत घेतले, तो आपलाच, असे मूल धरून चालते. म्हणून मर्यादा फक्त गुरुजींना लागू नाही. शाळेच्या फाटकाच्या आत काम करणाऱ्या प्रत्येकाला ती लागू आहे.

आता आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगतो. गोष्ट वाईट आहे, पण ठाऊक असायला हवी.

कल्याणहून कर्जतच्या गाडीत बसले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि मग बदलापूर लागते. तिथल्या एका शाळेत २०२४ सालच्या ऑगस्ट महिन्यात दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार आली. मुली चार वर्षांच्या आसपासच्या. शिशुवर्गात जाणाऱ्या. आरोप होता झाडलोट करणाऱ्या एका कामगारावर. तो त्याच महिन्यात ठेक्यावर कामाला लागला होता. मुलींना जिथे एकटे जावे लागते, त्या स्वच्छतागृहात हे घडले, अशी तक्रार होती. एका मुलीने घरी दुखत असल्याचे सांगितले. घरच्यांनी विचारपूस केली. तेव्हा गोष्ट बाहेर आली.

मग घरची माणसे पोलीस ठाण्यात गेली. तिथे तक्रार लिहून घ्यायलाच तासन्‌तास लागले. ज्यांचे पोर दुखावले, त्यांनाच बाकावर बसून राहावे लागले. ही बातमी गावभर झाली. २० ऑगस्टला लोक बदलापूरच्या स्टेशनात रुळांवर उतरले. दिवसभर गाड्या बंद पडल्या. मुंबईच्या उच्च न्यायालयाने कुणी अर्ज करण्याची वाट पाहिली नाही. आपण होऊन प्रकरण हाती घेतले. शाळेने पोलिसांना का कळवले नाही आणि पोलिसांनी उशीर का केला, असे दोन्ही प्रश्न न्यायालयाने विचारले. गोष्ट कळूनही पोलिसांना सांगितली नाही, म्हणून शाळा चालवणाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. तो कामगार २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी लागून मेला. त्यामुळे त्याच्यावरचा खटला निकालापर्यंत गेलाच नाही. न्यायालयात साक्षीपुरावा होऊन खरे काय ते ठरायला हवे होते. ते राहून गेले.

रुळांवर उतरलेल्या लोकांचा राग समजण्यासारखा होता. पण मला वाटते, रागापेक्षा स्वस्त आणि साधी गोष्ट आधी करता आली असती. लहान मुलींच्या स्वच्छतागृहापाशी एक बाई उभी असती, तर त्या कोवळ्या पोरींना एका पुरुषाबरोबर एकटे सापडावे लागले नसते. त्याला काही फार पैसा लागत नाही. आपण भिंती रंगवतो, फाटकावर मोठी पाटी लावतो, आणि शू करायला जाणाऱ्या पोरीबरोबर कोण जाते, हे कुणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट शहापूरची. जुलै २०२५ मधली. तिथल्या एका शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. कुणाची पाळी सुरू आहे हे शोधण्यासाठी मुलींना कपडे काढायला लावून तपासले, अशी पालकांनी तक्रार केली. मुख्याध्यापिका आणि एक महिला कर्मचारी यांना पोलिसांनी अटक केली. इथे पुरुष नव्हता. बायाच होत्या. आपण म्हणतो, "बाईमाणूस आहे, मग काय भीती?" पण मर्यादा बाईलाही असते. डाग पुसायला पाणी आणि फडके पुरते. पोरीला वाटणारी लाज पुसायला काय लागते, ते ज्या घरात पोर रडत आली त्यांना विचारा.

तर ही मर्यादा नेमकी कोणती?

पहिली मर्यादा शरीराची. पोर पडले, गुडघा फुटला, बाईंनी जखम धुऊन पट्टी बांधली, ही माया झाली. ती करायलाच हवी. पाठीवर शाबासकीची थाप दिली, तीही चालेल. ती सगळ्यांच्या देखत असते आणि तिच्यात लपवण्यासारखे काही नसते. पण मांडीवर बसवणे, अंग चोळून घेणे, पाय दाबून घेणे, एकट्या मुलाला बंद खोलीत थांबवणे, स्वच्छतागृहात मागोमाग जाणे, कपड्यांखाली हात घालणे, कपडे काढायला लावणे, हे बांधापलीकडचे. हे कुठल्याच कारणासाठी चालत नाही. "शिस्त लावायला केले" हे कारणही चालत नाही.

मारणेही याच मर्यादेत येते. पूर्वी बाप गुरुजींना सांगे, "मास्तर, हाडे माझी, मांस तुमचे. चांगला बडवा त्याला!" कित्येक घरांत अजून असे बोलतात. पण शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात मुलाला मारायला आणि त्याच्या मनाला छळायला साफ बंदी आहे. छडी नाही, उन्हात उभे करणे नाही, जातीवरून टोचून बोलणे नाही. बापाने परवानगी दिली म्हणून गुरुजींना मारता येत नाही.

दुसरी मर्यादा कामाची. मुलाला शाळेत शिकायला पाठवले आहे. गुरुजींच्या घरचे पाणी भरायला, तंबाखूची पुडी आणायला, त्यांची गाडी धुवायला नव्हे. वर्ग सगळ्यांनी मिळून झाडला, ती वेगळी गोष्ट. तीत सगळे असतात आणि गुरुजीही हातात खराटा घेतात. पण एकाच मुलीला रोज "घरी येऊन भांडी घास" म्हणणे, ही सेवा नव्हे. तिथूनच बांधाला पहिली भेग पडते.

तिसरी मर्यादा पैशाची. त्याच कायद्यात लिहिले आहे की शिक्षकाने खाजगी शिकवणी करू नये. का? कारण सोपे आहे. शिकवणीला आला त्याला मार्क, नाही आला त्याला डोळे वटारणे, असे होऊ लागते. शिवाय शिकवणी घरात होते, एकांतात होते. तिथे शाळेचा डोळा नसतो.

चौथी मर्यादा आता नव्याने आली आहे. ती फोनची. अभ्यासाचा निरोप सगळ्या वर्गाला एकदम जातो. त्यात काही गैर नाही. पण शाळेतला मोठा माणूस एकाच मुलीला किंवा मुलाला रात्री वेगळे निरोप पाठवतो, फोटो मागतो, "घरी सांगू नकोस" म्हणतो, तर तिथे पालकाने जागे व्हायला हवे. वाचायला आल्याचा हाही एक फायदा आहे. पोराच्या फोनवर काय आले, ते आता तुम्हाला स्वतः वाचता येते.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींबद्दल एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. कधी कधी शाळेतला माणूस म्हणतो, "तिची खुशी होती." लोकही म्हणतात, "पोरगी काही लहान नाही." कायदा असे म्हणत नाही. अठरा वर्षे पुरी होईपर्यंत कायद्याच्या लेखी ते मूलच. मुलाची खुशी कायदा मोजत नाही. आणि विचार करा, ज्याच्या हाती पास-नापास आहे, हजेरी आहे, शेरा आहे, त्याला "नाही" म्हणायला पोर कुठून बळ आणणार?

या कायद्याचे नाव पोक्सो. तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. मुलगी असो वा मुलगा, दोघांनाही तो सारखाच. हे मुद्दाम सांगतो, कारण मुलग्यांच्या बाबतीत घरे फार गप्प बसतात. मुलगाही दुखावतो. त्यालाही तक्रार करता येते. शाळेच्या माणसाला या कायद्यात जास्त कडक शिक्षा ठेवली आहे. वाईट हेतूने मुलाच्या अंगाला हात लावला, तर परक्या माणसाला कमीत कमी ३ वर्षे कैद. तोच गुन्हा शाळेच्या नोकराने केला, तर कमीत कमी ५ वर्षे. यात न्याय आहे. कुंपणानेच शेत खाल्ले तर त्याला जास्त दंड नको का?

बांध एकदम फुटत नाही. आधी खेकडा भोक पाडतो. मग पाणी झिरपते. इथेही तसेच होते. आधी खाऊ मिळतो. मग "तू सगळ्यांत हुशार" अशी स्तुती. मग वेगळे बोलावणे. मग एखादे गुपित. मग धमकी, "सांगितलेस तर तुलाच मार बसेल." पुष्कळदा हा माणूस गोड बोलणारा असतो. गावात त्याला मान असतो. म्हणून पोराने सांगितले तरी मोठ्यांना खरे वाटत नाही.

पोर नेहमी तोंडाने सांगतेच असे नाही. शाळेत रमणारे पोर अचानक शाळेला जायला रडते. झोपेत दचकते. अंथरूण ओले करू लागते. शू करताना दुखते म्हणते. एका ठरावीक माणसाचे नाव काढले की गप्प होते. यातले एखादे लक्षण दिसले म्हणजे तसेच झाले, असे नाही. ताप असेल, मित्राशी भांडण असेल. पण विचारायला हवे. मांडीवर घ्या, हळू आवाजात विचारा, आणि थांबा. "कुणी त्रास दिला का?" एवढे पुरे. नाव आपण सुचवू नका. आणि पोराने सांगितले तर पहिले वाक्य हे बोला, "तू सांगितलेस, चांगले केलेस. तुझी काही चूक नाही." मग बाकीचे.

आता पुढे काय करायचे ते बघू. आधी काय करायचे नाही, ते सांगतो. पोराला चोळून आंघोळ घालू नका. अंगावरचे कपडे धुऊ नका. कपड्यांवर पुरावा असू शकतो. चार लोकांसमोर पोराला पुन्हा पुन्हा बोलते करू नका. आणि शाळेत जाऊन त्या माणसाची कॉलर धरू नका. त्याने खटला कमजोर होतो.

सरळ पोलीस ठाण्यात जा. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर ही ठाण्याच्या पोलीस आयुक्तांच्या हद्दीत येतात. मुरबाड, शहापूर ही ठाणे ग्रामीण पोलिसांकडे. पण तुम्हाला हद्द शोधत बसायची गरज नाही. कुठल्याही पोलीस ठाण्याने तक्रार लिहून घेतली पाहिजे. "हे आमच्या हद्दीत नाही" असे म्हणून परत पाठवता येत नाही. ते लिहून घेऊन योग्य ठाण्याकडे पाठवतात. लिहिलेले तुम्हाला वाचून दाखवले पाहिजे. आता तुम्ही स्वतःही वाचा. वाचल्याशिवाय सही करू नका. त्याची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्या. पोक्सोची तक्रार लिहून घ्यायला नकार देणारा पोलीसही गुन्हेगार ठरतो.

पोरीचा जबाब घ्यायला पोलिसांनी घरी यायचे असते, नाहीतर पोराला जिथे बरे वाटेल तिथे. जबाब शक्यतो बाई अधिकाऱ्याने घ्यायचा. तेव्हा अंगावर पोलिसी गणवेश नसावा. आईबाप किंवा पोराच्या विश्वासाचे माणूस जवळ बसू शकते. मुलीची तपासणी बाई डॉक्टरनेच करायची. पोराला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. न्यायालयात त्याला आरोपीसमोर उभे करायचे नसते. वकील हवा असेल तर ठाण्याचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देते.

इथे गावातली वडील मंडळी एक शंका काढतात. "अहो, पोरीची बदनामी होईल. उद्या तिचे लग्न कसे व्हायचे? गावातच मिटवून टाकू. त्याला चार लोकांत माफी मागायला लावू." शंका मायेपोटी येते, हे खरे. पण कायद्याने मुलाचे नाव, फोटो, घर, शाळा छापायला किंवा सांगायला बंदी आहे. नाव फोडणारालाच शिक्षा आहे. आणि मिटवून काय होते? तो माणूस दुसऱ्या शाळेत लागतो. हा गुन्हा आपसात मिटवण्यातला नाही. पंचांना तो अधिकारच नाही. उलट, कळूनही न सांगणारा गुन्हेगार ठरतो. साध्या माणसाला त्यासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. शाळेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर वर्षापर्यंत कैद आणि दंड. "शाळेचे नाव खराब होईल" म्हणून गप्प बसणाऱ्या मुख्याध्यापकांनी हे जरूर वाचावे.

दुसरी शंका गुरुजींची. ते म्हणतात, "मग आम्ही मुलाच्या डोक्यावर हातसुद्धा ठेवायचा नाही का? उद्या कुणीही खोटे नाव घेईल." ही शंकाही खरी आहे. भल्या शिक्षकाला भीती वाटता कामा नये. साने गुरुजींचे नाव आपण कशासाठी घेतो? त्यांनी मुलांवर जीव लावला म्हणूनच. पण मर्यादा ही भल्या शिक्षकाचे रक्षणही करते. दार उघडे ठेवून शिकवले, मुलाशी बोलताना दुसरे कुणी जवळ असू दिले, निरोप सगळ्या वर्गाला दिला, तर त्याच्यावर बोट दाखवायला जागाच उरत नाही. सूडाने मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसालाही कायद्यात शिक्षा आहे.

बदलापूरनंतर, २१ ऑगस्ट २०२४ रोजी, महाराष्ट्र सरकारने शाळांसाठी हुकूम काढला. शाळेत कॅमेरे लावा. कामावर घेताना माणसाची पोलिसांकडून चौकशी करून घ्या, मग तो ठेक्यावरचा का असेना. लहान मुलांसाठी शक्यतो बायका नेमा. तक्रारपेटी ठेवा. काही घडले तर २४ तासांच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवा. कॅमेऱ्यावर मात्र फार भिस्त ठेवू नका. त्याचे चित्र कुणी पाहतच नसेल, तर तो भिंतीवरचा खिळाच. आणि पेटीला कुलूप असते. त्याची किल्ली कुणाकडे आहे, ते विचारा. ज्याच्याविरुद्ध चिठ्ठी टाकायची, त्याच्याच खिशात किल्ली असेल तर पोर चिठ्ठी टाकील का?

हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. सरकारी आणि अनुदान घेणाऱ्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चारांत तीन माणसे पालक असावी लागतात. निम्म्या जागा बायकांच्या. पण पुष्कळ गावांत ही समिती सहीपुरती असते. कागद घरी येतो, अंगठा उठतो, कागद जातो. आता तुम्ही सही करता. तेव्हा सही करण्याआधी सभेला जा. विचारा, "नव्या शिपायाची पोलीस चौकशी झाली का? कागद दाखवा. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का? सहलीला बरोबर बाई कोण जाणार?" बायांनी हे विचारावे. सभेत मागे बसणाऱ्या बायांनाच हे प्रश्न आधी सुचतात.

आश्रमशाळेतल्या मुलांचे तर आणखी अवघड. शहापूरकडच्या पाड्यांवरून पोरे तिथे राहायला जातात. आईबाप सणावारालाच भेटतात. रात्री मूल कुणाच्या भरवशावर झोपते, ते घरी ठाऊक नसते. भेटीला गेलात की डबा देऊन लगेच मागे फिरू नका. पोराला जरा बाजूला घेऊन बसा. मुलींच्या खोल्यांकडे रात्री बाई अधीक्षिका राहते का, हे स्वतः जाऊन पाहा.

आणि पोराला एक आकडा पाठ करून द्या. एक, शून्य, नऊ, आठ. १०९८. मुलांच्या मदतीसाठी हा फोन आहे. तो रात्रंदिवस चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. तो मोठ्याने लावला तरी चालतो. मुलाने स्वतः लावला तरी पलीकडे ऐकायला माणूस असते. पाटीवर, वहीच्या पहिल्या पानावर, घराच्या भिंतीवर कोळशाने, जिथे पोराची नजर जाते तिथे तो आजच लिहून ठेवा.